वर्षभरासाठी सोडलेलं उपकरण १९१ व्या दिवशी थांबलं. बॅटरी तर नवी होती, मग चुकलं कुठे?

नांगरदोर

नमस्कार मंडळी. समुद्रात नांगरलेल्या दोरावर बांधायचं, तापमान, क्षारता आणि दाब मोजणारं एक उपकरण माझ्याकडे सांभाळायला असतं. ६०० मीटर खोलीवर, साधारण ७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ते वर्षभर राहायचं होतं. वर काढलं तेव्हा कळलं की १९१ व्या दिवशी नोंद थांबली. उरलेले १७४ दिवस कोरे. ते पुन्हा कधीच मिळणार नाहीत, म्हणून जीव हळहळतोय.

आत एए आकाराचे, ३.६ व्होल्टचे लिथियम थायोनिल क्लोराइड सेल असतात. एकूण १२, म्हणजे तीन-तीन सेलच्या चार माळा, एकमेकींना समांतर. सेल मीच बदलले होते. एकाच खोक्यातले, सगळे नवे. प्रत्येक सेल मल्टिमीटरवर पाहिला, सगळे ३.६६ ते ३.६८ च्या दरम्यान. सगळे बसवल्यावर पूर्ण संच ११.० दाखवत होता. उपकरण स्वतःच्या बॅटरीचा व्होल्टेजही नोंदवतं. ती रेष शेवटच्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सरळ आहे आणि मग तीन दिवसांत कोसळते. आत पाण्याचा थेंब नाही, ओल शोषणारं सिलिका जेलही निळंच, म्हणजे कोरडं आहे.

बदलण्यात चूक झाली की तपासण्यात? पुढच्या खेपेला हे पुन्हा व्हायला नको. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

---

भारनियमन

मल्टिमीटरवर पाहिलं, एवढ्याने सेल तपासला असं होत नाही. या जातीच्या सेलसाठी तर मुळीच नाही.

अल्कलाइन सेल वापरता वापरता व्होल्टेजने उतरत जातो. नवा असताना १.६ च्या आसपास, मग १.५, १.३, १.१ असा. त्याच्या आकड्यावरून किती शिल्लक आहे याचा ढोबळ अंदाज तरी बांधता येतो. थायोनिल क्लोराइडचा सेल जवळपास अखेरपर्यंत त्याच पातळीवर चालतो आणि शेवटी एकदम खाली येतो. पाऊण रिकामा सेल आणि कोरा सेल मीटरवर सारखेच दिसतात. तुमची सरळ रेष आणि तीन दिवसांतला कडेलोट हे या सेलचं अगदी ठरलेलं वागणं आहे.

मीटर स्वतः सेलमधून जवळपास काहीच प्रवाह घेत नाही. सेलला काम देऊन पाहावं लागतं. मी १८० ओहमचा रेझिस्टर लावते, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर जातात. आधी भाराशिवाय व्होल्टेज लिहायचा, मग रेझिस्टर लावून पाचव्या सेकंदाचा आणि साठाव्या सेकंदाचा. हे तीन आकडे सेलच्या अंगावरच्या क्रमांकासमोर वहीत जातात. व्होल्टेज किती घसरला त्याला प्रवाहाने भागलं की सेलचा अंतर्गत रोधही मिळतो. एकाच खोक्यातले सेल असतील तर त्या रोधात एखादा सेल बाकीच्यांपासून फटकून असलेला लगेच दिसतो, आणि तो मी वापरत नाही.

---

शिडवारा

एक विचारू का? जुने-नवे मिसळले नव्हते ना? माळेतला एक सेल आधी रिकामा झाला की बाकीचे दोन त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात आणि त्याचा व्होल्टेज उलटा होतो. लिथियम सेल उलटा चालवणं धोक्याचं आहे, तापून फुटू शकतो.

---

नांगरदोर

नाही, मिसळ अजिबात नाही. सगळे एकाच तुकडीचे, एकाच दिवशी उघडलेले. खोकं मात्र सात-आठ महिने कपाटात होतं.

---

जुनी_वही

कपाट तापत होतं का? विचारायचं कारण असं. या सेलमध्ये लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो. तो आहे म्हणूनच सेल वर्षाला एखादा टक्कासुद्धा न गमावता दहा-दहा वर्षं टिकतो. तो थर सेलचा रक्षणकर्ताच आहे. पण सेल फार काळ न वापरता पडून राहिला, त्यात उष्ण जागेत, की थर जाड होतो. मग पहिल्यांदा प्रवाह मागितला की व्होल्टेज एकदम खाली जातो आणि थर फुटेल तसा वर येतो. भारनियमन यांनी पाचवा आणि साठावा सेकंद वेगळे लिहायला सांगितलं त्यामागे हेच आहे. पाचव्याला २.८ आणि साठाव्याला ३.४ असेल तर सेल चांगला आहे, फक्त झोपलेला होता. पाचव्यालाच खाली गेला आणि तिथेच राहिला, तर संपलेला.

मात्र नांगरदोर, तुमचा घोटाळा यातला वाटत नाही. या थराने दगा दिला तर तो पहिल्या दिवशी, सुरुवातीच्याच मोजणीला देतो. १९१ दिवस थांबत नाही.

---

निळाई

मला आधी जमाखर्च मांडून पाहावासा वाटतो. किती मिनिटांनी मोजणी होती, एका मोजणीला किती प्रवाह किती सेकंद लागतो, आणि मधल्या वेळात उपकरण झोपलेलं असताना किती खातं, एवढं सांगा.

---

नांगरदोर

दर ५ मिनिटांनी. मोजणीच्या वेळी ६० मिलिअँपिअर, ४ सेकंद. झोपेत ३० मायक्रोअँपिअर. हे आकडे मी मागे स्वतः मोजलेले आहेत.

---

निळाई

दिवसाला २८८ मोजण्या. प्रत्येक ४ सेकंदांची, ६० मिलिअँपिअरची. म्हणजे दिवसाला १९.२ मिलिअँपिअर-तास. झोपेचे ३० मायक्रोअँपिअर गुणिले २४ तास, ते ०.७२. दोन्ही मिळून दिवसाचा खर्च १९.९२. वर्षाचा सुमारे ७.२७ अँपिअर-तास.

आता जमेची बाजू. तुमच्या आकाराच्या एका सेलची क्षमता २.६ अँपिअर-तास धरते. माळेत तीन सेल असले तरी अँपिअर-तास तेवढेच राहतात, वाढतो तो व्होल्टेज. चार समांतर माळा म्हणजे १०.४. थंड पाणी आणि थोडं-थोडं करून ओढलेला प्रवाह यासाठी मी २५ टक्के नेहमी वजा करते. उरले ७.८. भागाकार केला तर ३९१ दिवस. म्हणजे योजना ठीक होती, थोडी तंग म्हणू हवं तर.

पण १९१ दिवस बघा. १९१ गुणिले १९.९२ म्हणजे ३.८ अँपिअर-तास. ७.८ चं अर्धं ३.९. हे इतकं नेमकं जुळतंय की मला योगायोग वाटत नाही. सेल कमजोर असते तर उपकरण कधीही थांबलं असतं. थंडीने खाल्लं असतं तर तो तोटा असा बरोबर अर्ध्यावर आला नसता. माझा तर्क असा की चार माळांपैकी दोनच माळा उपकरणाला जोडलेल्या होत्या.

काढलेले सेल टाकून नाही ना दिलेत?

---

नांगरदोर

सेल आहेत. पण काढताना सगळे एका पिशवीत टाकले. कुठला कुठल्या माळेतला ते आता सांगता येणार नाही. आणि माझं डोकं इथे अडतंय: दोन माळा जोडलेल्याच नसत्या तर पूर्ण संचाचा व्होल्टेज ११.० कसा आला?

---

भारनियमन

समांतर आहेत म्हणून! एक माळ जोडलेली असली तरी ११.० येणार आणि चार असल्या तरी ११.० च येणार. निळाईंचा तर्क मला पटला. सगळे १२ सेल भारावर घ्या. तसं असेल तर सहा रिकामे आणि सहा भरलेले निघतील. पण पिशवीतून आधी बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावा. संपलेल्या सेलमध्येही लिथियम शिल्लक असू शकतं, आणि टोकं एकमेकांना टेकली तर भरलेला सेल तापतो.

---

शिडवारा

तपासणी होईपर्यंत एक अनुभव सांगतो. विषय थोडा वेगळा आहे, पण ज्यांच्या उपकरणात अल्कलाइन सेल असतात त्यांनी वाचावाच.

नऊ डी सेलवर चालणारं एक उपकरण मोहिमेनंतर सेल न काढता तसंच कोठारात राहिलं होतं. वर्षाने मी ते उघडायला घेतलं. झाकणाचे स्क्रू निम्मे सैल केले आणि झाकण धाडकन वर उसळलं. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. अल्कलाइन सेल जुने झाले, संपले किंवा गळले की हायड्रोजन सोडतात. मोकळ्या जागेत तो उडून जातो. आपल्या उपकरणाचं कवच तर वायू आत-बाहेर जाऊच नये म्हणून बनवलेलं असतं. आत हवेतला ऑक्सिजन असतोच, त्यामुळे ठिणगी पडली तर स्फोटही होऊ शकतो. काही कवचांत यासाठी दाब सोडणारी झडप असते, काहींत हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करणारा प्लॅटिनमचा उत्प्रेरक ठेवतात.

तेव्हापासून मी उपकरण आडवं ठेवून, झाकणाचं तोंड माणसांपासून दूर भिंतीकडे करूनच उघडतो. सगळे स्क्रू थोडे-थोडे सैल करायचे, एकही पूर्ण काढायचा नाही, आणि झाकण स्वतःहून सरकतंय का ते पाहायचं. आत पाणी शिरल्याची शंका असेल तर दुप्पट सावध. खोलवर शिरलेलं पाणी आतली हवा दाबून ठेवतं, आणि उपकरण वर आलं तरी तो दाब आतच अडकलेला असू शकतो. लिथियमच्या उपकरणात पाणी शिरलं असेल तर मी ते खोलीत आणतच नाही. थायोनिल क्लोराइड पाण्याशी भिडलं की सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड होतं. दोन्ही फुफ्फुसं जाळणारे वायू.

---

श्वासनळी

मी हौशी पाणबुड्या. माझ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये (पाण्याखालची खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) ३ व्होल्टचा बटण सेल आहे. घरी बदलला तर चालेल का? झाकण नाण्याने फिरवून उघडतं.

---

जुनी_वही

बनवणाऱ्याने सेल वापरणाऱ्याने बदलायची सोय दिली असेल तर चालेल. सेलबरोबर ओ-रिंगही, म्हणजे झाकणाच्या सांध्यातली रबराची कडी, नवी घालायची. सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम बोटं लावायची नाहीत, प्लास्टिकच्या चिमट्याने कडेला धरायचा. झाकण नाण्याने उघडणारं नसेल, तर पाण्याच्या दाबाखाली तपासण्याची सोय असलेल्या माणसाकडेच द्या. श्वास त्या आकड्यांवर अवलंबून आहे.

ओ-रिंगचा विषय निघालाच आहे तर मला तिच्यावर थोडं थांबायचंय. सेल बदलणं म्हणजे खरं तर एक बंद कवच उघडून पुन्हा बंद करणं, आणि जोखीम सगळी त्या बंद करण्यात असते. १० सेंटिमीटर व्यासाचं झाकण ६०० मीटरवर घ्या. दर १० मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६० किलो. झाकणाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. एकूण पावणेपाच टनांच्या आसपास भार. एवढ्याला अडवते ती बोटाएवढी जाडीसुद्धा नसलेली रबराची कडी.

उघडण्याआधी उपकरण गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, आणि झाकण निघताना तोंड खाली ठेवायचं. सांध्यात अडकलेला खारट थेंब आत ओघळू नये म्हणून. ओ-रिंग काढायला पेचकस किंवा सुई कधीच नाही. खाचेवर ओरखडा पडला तर रबर बदलून भागत नाही, झाकणच बदलावं लागतं. लाकडी काडी किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. मग उजेडात धरून बोटांमधून फिरवायची. डोळ्यांना न दिसणारी चीर बोटाला कळते. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची, कारण एक केस किंवा एक तंतू आडवा पडला की पाण्याला तेवढी वाट पुरते.

ग्रीस चमकेल इतकंच. पुष्कळ लोक लोणी लावल्यासारखं थापतात. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रबर अडवतं. ग्रीस फक्त रबराला जागेवर सरकायला मदत करतं, आणि जास्त झालेल्या ग्रीसला कचरा चिकटतो. नायट्राइल रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं. रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगते, तिथे ते वापरू नका.

आणखी एक. ‘खोलवर टिकलं म्हणजे उथळ पाण्यात टिकणारच’ हा समज चुकीचा आहे. दाब वाढला की रबर खाचेच्या कोपऱ्यात आणखी घट्ट बसतं. नीट न बसलेली रिंग बऱ्याचदा पहिल्या दहा-वीस मीटरमध्येच गळते. म्हणून ज्या कवचाला सोय आहे, त्यातली हवा ओढून पोकळी करायची आणि काही तासांनी दाब मापकावर तोच आकडा आहे का बघायचं. ही चाचणी सुमारे दहा मीटर पाण्याएवढा फरक निर्माण करते, आणि धोका नेमका तिथेच जास्त असतो. तापमान बदललं तरी आकडा हलतो, त्यामुळे खोलीचं तापमानही सोबत लिहा.

---

निळाई

जुनी_वही, सुरेख लिहिलंत. यात सिलिका जेलची भर घालते. ३० अंशाच्या, ८० टक्के दमट हवेत झाकण लावलं तर दर लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम बाष्प कोंडलं जातं. ४ अंशाच्या पाण्यात तीच हवा जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम धरू शकते. आत २ लिटर मोकळी जागा असेल तर ३५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक थेंब, सर्किटवर बसणार. कुठेही गळती नसताना! म्हणून दर वेळी ताजी पुडी, आणि शक्य असेल तर कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडून मगच झाकण बंद.

---

तळदिवा

आमच्याकडे समुद्राच्या पाण्याचा प्रवाह ध्वनीने मोजणारी उपकरणं आहेत. त्यांच्याबद्दल एकच सांगते: बॅटरी बदलली की आतल्या होकायंत्राची जुळणी पुन्हा करा. अल्कलाइन सेलचं कवच पोलादी असतं आणि प्रत्येक संचाचं चुंबकत्व थोडं वेगळं. बॅटरी होकायंत्राच्या शेजारीच बसते. जुळणी न करता सोडलं तर प्रवाहाचा वेग बरोबर आणि दिशा चुकलेली, अशी महिनोन्‌महिन्यांची नोंद हाती येते. बघून कळतसुद्धा नाही.

---

नांगरदोर

मंडळी, निकाल लागला.

बाराही सेल १८० ओहमवर घेतले. भाराशिवाय सगळे ३.४ च्या वर! सहा सेल पाच सेकंदांत २ व्होल्टच्या खाली गेले आणि तिथेच राहिले. उरलेले सहा आधी २.९ च्या आसपास उतरले, आणि मिनिटभरात ३.४ ते ३.५ वर येऊन स्थिरावले. ते कधी वापरलेच गेले नव्हते. निळाई, तुमचा भागाकार शब्दशः खरा ठरला.

मग संच उघडून बसलो. सेलच्या वर एक गोल पट्टी येते, तिला प्रत्येक माळेसाठी पितळेचं एकेक स्प्रिंगसारखं पान आहे. चारपैकी दोन पानं दबून सपाट झाली आहेत. भरलेल्या सेलपैकी दोघांच्या टोप्या भिंगाखाली पाहिल्या. बाकीच्या टोप्यांवर पान घासल्याची बारीक रेघ आहे, या दोघांवर काहीच नाही. मागच्या खेपेला पट्टी बसत नव्हती म्हणून मी अंगठ्याने जोर दिला होता, ते मला स्पष्ट आठवतं. पानं तेव्हाच दबली असणार.

आता प्रश्न एवढाच. बंद करण्याआधी चारही माळा कामात आहेत हे खात्रीने कसं पाहायचं?

---

भारनियमन

सर्वात भरवशाची रीत साधी आहे. तीन माळांमधला एकेक सेल काढून ठेवा, म्हणजे चौथी एकटी उरते. उपकरण सुरू करून दोन-तीन मोजण्या घ्या. चालली तर ती माळ पास. मग पुढची. चार फेऱ्यांना पंधरा मिनिटं लागतात. वर्षभराच्या नोंदीपुढे पंधरा मिनिटं म्हणजे काहीच नाही.

दुसरी रीत, प्रत्येक माळेला वेगळा डायोड असेल तर. तो एका माळेतून दुसरीत प्रवाह उलटा जाऊ नये म्हणून असतो. उपकरण मोजणी करत असताना प्रत्येक डायोडवर मीटर लावा. ज्यातून प्रवाह जातोय त्यावर ०.२ ते ०.५ व्होल्टसारखा काही आकडा दिसेल, ज्यातून जात नाही त्यावर जवळपास शून्य. सेल न काढता कळतं. पण मी पहिलीच रीत वापरते, कारण त्यात पान, सेल, डायोड, सोल्डर सगळंच एका वेळी तपासलं जातं.

दबलेली पानं वाकवून परत वर करू नका. एकदा ताण गेलेलं पितळ पुन्हा सैल पडतं. पट्टी नवी घ्या.

---

जुनी_वही

सेल काढण्याआधी नोंदी उतरवून घ्यायच्या आणि उपकरणाचं घड्याळ जागतिक वेळेशी ताडून फरक लिहून ठेवायचा, हे नांगरदोर करत असतीलच. सेल निघाल्यावर कित्येक उपकरणांचं घड्याळ शून्यावर जातं आणि मग तो फरक कुणालाच सांगता येत नाही. सेल घातल्यावर घड्याळ लावा, आणि हवेतला दाब मोजून सेन्सरचा शून्य पाहा.

आणखी एक सावधगिरी, विशेषतः एकाच टेबलावर दोन प्रकारची उपकरणं उघडत असाल तर. ३.६ व्होल्टचा एए आणि नेहमीचा १.५ व्होल्टचा एए अंगाने अगदी सारखे असतात. चुकून अदलाबदल झाली तर दीड व्होल्टच्या उपकरणाला दुपटीहून जास्त व्होल्टेज मिळतो. आम्ही दोन प्रकार वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवतो.

---

शिडवारा

सुटे लिथियम सेल विमानाने मागवणार असाल तर आधीच चौकशी करा. सुट्या लिथियम धातूच्या सेलचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ३०९०, आणि २०१५ पासून ते प्रवासी विमानातून माल म्हणून जात नाहीत. उपकरणात बसवलेले किंवा उपकरणासोबत बांधलेले असतील तर ३०९१, नियम वेगळे. आमची एक मोहीम सेल वाटेत अडकले म्हणून लांबली होती.

---

नांगरदोर

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी पट्टी आली, बसवली. सेलवर मार्करने १ ते १२ क्रमांक टाकले आणि कुठला क्रमांक कुठल्या माळेत तेही वहीत आहे. बाराही सेलचे तिन्ही आकडे घेतले. सात क्रमांकाचा रोध इतरांच्या दीडपट निघाला, तो बदलला. चारही माळा एकेकट्या चालवून पाहिल्या. तिसरी पहिल्या फेरीत चाललीच नाही. पट्टीचा स्क्रू अर्धा फेरा कमी होता. आवळल्यावर चालली.

मोजणी दर ५ ऐवजी १० मिनिटांनी ठेवली आहे. दिवसाला १०.३२ मिलिअँपिअर-तास. याचा अर्थ पुन्हा दोन माळा सुटल्या तरी वर्ष निभेल. ओ-रिंग नवी, ग्रीस नुसतं चमकण्यापुरतं. पोकळीची चाचणी रात्रभर ठेवली होती, सकाळी आकडा तोच होता. उपकरण परवा पाण्यात जातंय. वर आलं की याच धाग्यावर सेलचे आकडे क्रमांकासकट टाकतो.